कुरकुऱ्या आणि घरघर ऐकणारी ताई

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड पोलादी रिअ‍ॅक्टर आहे. नाव ऐकून दचकू नका. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरचा मला थोरला भाऊ समजा. झाकण घट्ट, पोटात दाब, खाली आच, सारे तसेच. फरक इतकाच की माझ्यात आजवर अन्नाचा एक कण शिजलेला नाही, आणि कुकर शिट्टी देऊन मोकळा होतो तसे मला होता येत नाही. जे पोटात कोंडले असेल ते मुकाट्याने जिरवायचे, हे माझे काम. अर्थात मुकाट्याने हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. इथली माणसे मला कुरकुऱ्या म्हणतात. हे नाव मला कसे पडले आणि त्या कुरकुरीने एका माणसाचे ब्रश कसे वाचवले, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म लेथवर झाला. पोलादाचा एक भरीव ठोकळा आतून कोरत कोरत कारागिरांनी मला पोट दिले. वर जड झाकण, झाकणाला बोटभर जाडीचे बोल्ट, दाब दाखवणारी तबकडी आणि झाकणाच्या मधोमध आरपार जाणारा ढवळायचा दांडा. हा दांडा म्हणजे मोठी पंचाईत असते. तो फिरला तर पाहिजे, पण त्याच्या फटीतून आतला वायू निसटता कामा नये. म्हणून त्याच्याभोवती दोरीसारखे पॅकिंग ठासून बसवतात. दांडा त्यावर घासतो आणि आवाज होतो. नवा होतो तेव्हा हा आवाज गुणगुणल्यासारखा होता. वय वाढले तशी त्याची कुरकुर झाली. तुमच्याही घरात असे कुणीतरी असेलच.

उमेदीची वर्षे मी कपड्यांचे रंग बनवणाऱ्यांकडे काढली. लाल, निळे, जांभळे, पोटात काय काय रटरटले त्याची गणती नाही. पुढे नवी यंत्रे आली आणि मी या प्रयोगशाळेच्या अडगळीत येऊन पडलो. कुणी माझ्यात ओल्या छत्र्या उभ्या केल्या. एका उन्हाळ्यात वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला दाराशी नेऊन ठेवले. ज्याने एवढाले दाब सोसले त्याने दार अडवून बसायचे, याहून मोठी थट्टा कोणती? पण ते दार एकदाही आपटले नाही, हेही सांगून ठेवतो. दिलेले काम चोख करायची खोड काही जात नाही.

त्या दाराशीच ताईने मला पाहिले. ताई म्हणजे इथे संशोधन करायला आलेली एक सडपातळ, घाईघाईने चालणारी मुलगी. वयाने लहान, पण सगळ्यांच्या अडचणीला धावून जाई, म्हणून प्रयोगशाळेच्या सरांपासून सगळेच तिला ताई म्हणत. तिला दाबाखाली प्रयोग करायचा होता आणि चांगली यंत्रे इतरांनी अडवलेली होती. तिने माझ्यातल्या छत्र्या काढल्या, आत डोकावून पाहिले, पोलादावर बोट फिरवले आणि फिटरकाकांना हाक मारली. फिटरकाका इथल्या यंत्रांची दुरुस्ती पाहत. त्यांनी मला उलटापालटा केले, नवे पॅकिंग ठासले, दाब देऊन तपासले आणि म्हणाले, म्हातारा खणखणीत आहे, फक्त कुरकुर फार करतो. झाले, बारसे तिथेच उरकले.

आता ताईला माझ्यात काय करायचे होते, ते ऐका. तिचे बाबा फर्निचरला पॉलिश करणारे. तरुणपणी ते जवसाच्या तेलाने लाकूड चोळत. तेल वाळायला वेळ लागे, पण लाकडाला असे रूप येई की गिऱ्हाईक हात फिरवत उभे राही. मग फवाऱ्याने मारायचे नवे पॉलिश आले. डब्यात पॉलिश पटकन कडक करणारे रसायन, म्हणजे हार्डनर, मिसळायचा, फवारा मारायचा, तासाभरात काचेसारखी चकाकी. मात्र त्या हार्डनरची वाफ छातीला वाईट. बाबांनी वर्षानुवर्षे तोंडाला नुसते फडके बांधून ते काम केले आणि एक दिवस छातीने त्याचा धसका घेतला. तेव्हापासून त्याचा जरासा वास आला तरी त्यांची छाती आवळू लागली. दुकान बंद झाले. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसू लागले. त्यांचे ब्रश तेवढे स्वच्छ धुऊन, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेले होते.

ताईला असे पॉलिश हवे होते ज्यात तो हार्डनर नाही, आणि जे बाबांना पुन्हा स्वतःच्या हाताने लावता येईल. एवढाच तिचा हट्ट होता. यासाठी तिने पुन्हा जवसाच्या तेलाकडेच मोर्चा वळवला.

तिच्याकडे येणारे तेल मात्र साधे नसे. त्याच्या लांबलचक साखळ्यांवर प्राणवायूची छोटी तिकोनी कडी आधीच बसवलेली असत. ही कडी अवघडून बसल्यासारखी असतात, कुणी उघडते का याची वाटच पाहत. ते तेल माझ्या पोटात ओतायचे आणि वरून कार्बन डायऑक्साइड कोंडायचा. तुम्ही उच्छ्वासातून सोडता तोच हा वायू. आहे मात्र महाआळशी, आपणहून कुणाशी जुळवून घेणार नाही. म्हणून तिसरा लागतो तो उत्प्रेरक. हा लग्ने जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो. तिकोनी कडे उघडतो, वायूला त्यात बसवतो, कडे पुन्हा मिटवतो आणि जसा आला तसा पुढच्या घरी निघतो. जेवायलाही थांबत नाही. तिकोनी कड्याचे पाचकोनी कडे झाले की त्याला कार्बोनेट म्हणतात. अशा कार्बोनेटांनी भरलेल्या तेलात दुसरे एक द्रव्य मिसळले की ते लाकडावर घट्ट वाळते, आणि त्या जुन्या हार्डनरची गरज उरत नाही.

ऐकायला सोपे, करायला महाकठीण. कडी बदलू लागली की तेल दाट होत जाते. आधी तेल, मग मध, मग ओला डिंक. वायू बसलेला वर आणि हा डिंक खाली. ढवळणाऱ्याने जीव तोडून ढवळले नाही तर दोघांची गाठभेटच होत नाही, मग मध्यस्थ कितीही हुशार असो. माझा दांडा त्या डिंकातून फिरताना माझ्या तोंडून जो आवाज निघे तो ऐकण्यासारखा नसे. आधी बारीक कुरकुर, मग खर्जातली घरघर. शेजारच्या खोलीतली माणसे भिंतीवर थापा मारत.

ताई मात्र शांतपणे माझ्याशेजारी स्टूल टाकून बसे. वाचता वाचता तिचा एक कान माझ्याकडे असे. आवाज खाली उतरला की ती मान हलवी, आता दाटतंय म्हणे, आणि तबकडी बघून थोडा वायू आत सोडी. तिला हे कुणी शिकवले नव्हते. लहानपणापासून शेजारच्या खोलीतल्या बाबांच्या श्वासाकडे कान लावून ती अभ्यास करत आली होती. घरघरीतले बारकावे तिला कळत, त्याचे तिला काही विशेष वाटत नसे. बाबांचा फोन आला की तेही विचारत, तुझं ते भांडं अजून कण्हतंय का गं? आणि दोन्हीकडून हसणे होई. खरे सांगतो, त्या दिवसांइतका मान मला पुन्हा मिळाला नाही. पहिली बरणीभर दाट, मधाळ रंगाची कार्बोनेटे माझ्या पोटातून निघाली तेव्हा ताईने माझ्या झाकणावर थाप मारली. झाकण अजून गरम होते. हात पोळला तरी ती हसत होती.

पण चांगले दिवस आले की नजर लागायचीच. या यशामुळे प्रयोगशाळेला नवा रिअ‍ॅक्टर मंजूर झाला. लखलखीत, अंगावर पडदा, पडद्यावर हिरवे आकडे. फिटरकाकांनी त्याचे खोके उघडले आणि त्याला नवरदेव म्हणून टाकले. त्याच्या झाकणातून दांडा जातच नव्हता. बाहेर एक चुंबक फिरे आणि त्याच्या ओढीने आतला पंखा फिरे. पॅकिंग नाही, घासणे नाही, आवाज नाही. शेजारच्या खोलीने सुटकेचा निःश्वास टाकला. मी परत अडगळीत गेलो. छत्र्यांनी मला लगेच ओळखले.

नवरदेवाचा संसार मात्र सुखाचा होईना. प्रयोग सुरू झाला की दाबाचा आकडा छान उतरे, म्हणजे तेल वायू पीत आहे. अर्ध्यावर आला की तो जागीच खिळे. झाकण उघडावे तर तेल अर्धेकच्चे. पडदा सांगे की पंखा ठरल्या वेगाने फिरतो आहे, आच बरोबर आहे, दाब बरोबर आहे. मग चुकतो कोण? सगळ्यांनी मिळून दोष मध्यस्थाला दिला. उत्प्रेरक थकतो म्हणाले. ताईने उत्प्रेरक बदलला, वाढवला, धुऊन घेतला, दुसऱ्या क्षारापासून बनवून पाहिला. आकडा आपला अर्ध्यावर. घोडे पेंड खाते कुठे, ते कुणालाच कळेना. जे आवाज करत नाही ते ठीक चालले आहे असे धरून चालायचे, ही चूक पडद्यावर आकडे बघणारी माणसेच करू शकतात. त्यात माझी ताईही होती, हे सांगताना मला वाईट वाटते.

शेवटी सर तिच्याजवळ येऊन बसले. सर मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले की जुने निकाल नव्या यंत्रात येत नसतील तर जुनेच निकाल खोटे असावेत. त्या म्हाताऱ्या भांड्यात आधीचे काहीतरी चिकटून राहिले असेल, त्यानेच ते घडवून आणले असेल. तेव्हा हे काम आता थांबवू, तू दुसरा विषय घे. अडगळीच्या दाराआडून मी हे ऐकले. माझ्या पोटावर संशय घेतला याचे मला फारसे काही नाही. ताईने प्रयोगाची वही मिटून पिशवीत टाकली, त्याने मात्र मी गलबललो.

पुढचे मला नंतर कळले, माझे बोल्ट आवळताना ती फिटरकाकांना सांगत होती तेव्हा.

सुट्टीला ती घरी गेली आणि काम थांबल्याचे तिने बाबांना सांगितले. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, उठून कपाट उघडले आणि फडक्यातले ब्रश टेबलावर मांडले. ओळखीचा एक रंगारी होता, त्याला ते द्यायचे त्यांनी ठरवले.

"ब्रश नुसते पडून राहिले की केस झडतात गं," ते म्हणाले. "कुणाच्या हाती गेले तर जगतील तरी."

एवढे बोलून ते आत जाऊन पडले. कपाटातली धूळ, की मनातले काही, कोण जाणे, पण संध्याकाळी त्यांची छाती भरून आली. श्वास मोकळा करणारा औषधाचा पंप ओढून ते पडून राहिले. स्वयंपाकघरात ताई आणि तिची आई मटार सोलत बसल्या होत्या. आतून घरघर ऐकू येत होती, नेहमीपेक्षा जड. थोड्या वेळाने ती थांबली. ताईला हायसे वाटले. झोप लागली वाटते, असे ती म्हणणार इतक्यात आईच्या हातातले ताट खाली पडले. मटार सगळीकडे घरंगळले आणि आई धावत आत गेली.

बाबा डोळे उघडे ठेवून बसले होते. ओठ निळे पडू लागले होते. छाती हलत होती, पण आवाज नव्हता. पुढचे सगळे धावपळीत झाले. शेजाऱ्यांची गाडी, दवाखाना, नाकावर मास्क. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की वेळेत आणलेत, आणि मग आई बाकावर टेकली. ताई तिच्याजवळ बसून रडली. म्हणाली, मला वाटलं त्यांना बरं वाटतंय.

आईने तिचा हात हातात घेतला. "घरघर ऐकू येते ना, तोवर हवा आतबाहेर करतेय असं समजायचं," आई म्हणाली. "आवाज थांबला की घाबरायचं. इतकी वर्षं मी झोपेतसुद्धा तेवढंच ऐकत आलेय गं."

दुसऱ्या दिवशी बाबांची घरघर परत आली. पलंगाजवळ बसून ताई ती ऐकत होती. इतका गोड आवाज आपण कधी ऐकला नव्हता असे तिला वाटले. आणि ऐकता ऐकता तिला एकाएकी तो नवा, लखलखीत, गप्प रिअ‍ॅक्टर आठवला.

बाबा घरी आल्यावर ती परतली ती थेट फिटरकाकांकडे. नवरदेवाच्या पोटात तेल भरून प्रयोग सुरू केला. फिटरकाकांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचे टोक नवरदेवाच्या अंगाला टेकवले आणि मुठीला कान लावला. जुने मेकॅनिक इंजिनाचे पोट असेच तपासतात. आत पंख्याची भिरभिर ऐकू येत होती. काका उठले की ताई कान लावी, ताई उठली की काका. पडद्यावरचा दाब उतरत उतरत अर्ध्यावर आला तेव्हा ताईला आत अडखळल्यासारखे ठक ठक ऐकू आले, आणि मग काहीच नाही. पडद्यावर वेगाचा आकडा जसाच्या तसा होता. तिने स्क्रूड्रायव्हर काकांच्या हाती दिला. काकांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकले.

"बाहेरचं चुंबक फिरतंय," ते म्हणाले. "आत सगळं निजलंय."

तेल दाटले की चुंबकाची ओढ पुरत नव्हती. पंखा जागच्या जागी रुतून बसत होता, आणि पडदा बापडा बाहेरच्या चुंबकाचाच वेग दाखवत होता. मध्यस्थ बिचारा कधीच थकला नव्हता. त्याला भेटायला वर आणि वधूच येत नव्हते.

मग माझ्यातल्या छत्र्या पुन्हा बाहेर आल्या. माझे पोट आधी इतके घासूनपुसून धुतले की सरांच्या संशयाला जागा राहू नये. आधी उत्प्रेरकाशिवाय प्रयोग करून पाहिला, काही झाले नाही. म्हणजे माझ्या पोटात काही लपलेले नव्हते. मग तोच सगळ्यांनी नावे ठेवलेला उत्प्रेरक घातला. सर स्वतः येऊन उभे राहिले. मी कुरकुरायला लागलो, मग आवाज खाली उतरला, मग मी अशी काही घरघर लावली की शेजारच्या खोलीने भिंतीवर थाप मारली. या वेळी ती थाप ऐकून ताईला हसू आले. दाबाचा काटा अर्ध्यावर आला, अर्ध्याखाली उतरला आणि उतरतच राहिला. सरांनी चष्मा काढून पुसला आणि काम सुरू ठेवा म्हणाले. त्यांना जास्त बोलता येत नाही, पण जाताना त्यांनी माझ्या तबकडीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली.

तिथून पॉलिश व्हायला बराच काळ गेला. कार्बोनेटांत काय मिसळायचे, किती मिसळायचे, लाकडावर किती टिकते, त्याची वाफ छातीला काही करते का, हे सारे निरनिराळ्या ठिकाणी तपासून झाले. बाबांच्या डॉक्टरांनाही ताई दोनदा विचारून आली. रंगाऱ्याला देण्यासाठी मांडलेले ब्रश आईने गुपचूप उचलून पुन्हा कपाटात ठेवले होते.

मध्यंतरी बाबांनी माझ्यासाठी लाकडाची बैठक बनवून पाठवली. फोनवरून माझे कण्हणे ऐकून त्यांना वाटे की या म्हाताऱ्याला बसायला धड जागा नसावी. पॉलिश तयार झाल्यावर ते बैठकीला लावायला बाबा स्वतः इथे आले. प्रयोगशाळेबाहेरच्या मोकळ्या ओसरीवर मला आणून ठेवले होते, म्हणून ते दृश्य मला पाहायला मिळाले.

बाबांनी फडके सोडले आणि ब्रश हातात घेऊन त्याचे केस अंगठ्याने चाचपले. ताईने डबा उघडला. सगळे बैठकीकडे बघत होते. आई आणि ताई तेवढ्या बाबांच्या छातीकडे बघत होत्या. आईच्या मुठीत पंप होता. पहिला हात फिरला, लाकडाच्या रेषा ओल्या होऊन वर आल्या. दुसरा फिरला. बाबांची घरघर ऐकू येत होती, रोजची, ओळखीची. ती गेली नव्हती. झिजलेली छाती पॉलिशने नवी होत नाही, मित्रांनो, मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. पण ती वाढली नाही. बाबा बैठकीचे चारही पाय रंगवून उठले, थोडे मागे सरून मान तिरकी करून त्यांनी काम न्याहाळले आणि एका कोपऱ्यावर पुन्हा हलका हात मारला. तेव्हा आईने मूठ उघडली आणि पंप पिशवीत टाकला. पंपाचे वळ तिच्या तळहातावर उमटले होते.

जायच्या आधी बाबांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. "ह्याला वेळच्या वेळी तेल देत जा," ते फिटरकाकांना म्हणाले. "पण आवाज पार बंद नका करू."

आता माझे बरेचसे काम नवरदेव करतो. त्याला अधिक ताकदीचे चुंबक बसवले आहे आणि त्याच्या अंगाला एक स्क्रूड्रायव्हर कायम टांगलेला असतो. पोरगा गुणी आहे, फक्त बोलत नाही, त्याला कोण काय करणार. मी बैठकीवर बसून त्याच्याकडे लक्ष ठेवतो. अडल्यानडल्याला अजून माझी आठवण होते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. घरातले एखादे जुने यंत्र कुरकुरू लागले तर त्याला लगेच अडगळीत टाकू नका. दोन थेंब तेल द्या आणि ते काय सांगते आहे ते ऐका. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस कण्हत असेल, घरघरत असेल, तर कंटाळून दार लावून घेऊ नका. त्याच्याजवळ पुस्तक घेऊन बसा. आवाज येतो आहे तोवर सारे ठीक आहे. पण तो थांबला, हे कळायला कुणीतरी जवळ असावे लागते.